मांडीखालचं कार्ड

ती. वहिनी,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात सुई होती, ती आधी खाली ठेवली). दादाचा गुडघा, तुमची मांजर आणि मागच्या दाराची कुरकुर, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. तुमच्या तब्येतीची चौकशी मात्र मी करणार नाही. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन तुम्ही तिसऱ्यांदा पुढे ढकललंत (आधी पाहुणे, मग घराचा रंग, आणि आता मांजर व्याली), हे दादाने फोनवर हळू आवाजात सांगितलं आणि त्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, असं वचन घेतलं. मी वचनाचा पक्का. तेव्हा हे पत्र फक्त माझ्या इंग्रजीबद्दल आहे.

होय, त्रेपन्नाव्या वर्षी. गिऱ्हाईकं हल्ली मापाच्या चिठ्ठ्या इंग्रजीत पाठवतात आणि त्या वाचून घ्यायला दरवेळी शेजारच्या औषधवाल्याकडे जायची लाज वाटू लागली, म्हणून वाचनालयाच्या माडीवर सकाळी भरणाऱ्या वर्गात नाव घातलं. मला वाटलं फळा असेल, घोकंपट्टी असेल, चुकलो तर बाई ओरडतील. पण आमच्या बाई (वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या) व्याकरण शिकवतच नाहीत, खेळायला लावतात. प्रत्येक टेबलावर एक सोंगट्यांचा पट, एक फासा आणि कार्डांचे तीन गठ्ठे: माणूस, जागा, संकट. कार्ड उचलायचं आणि त्यावरून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट लिहायची. फाशावर पडतील तितकी वाक्यं. वाक्य बरोबर असलं तर सोंगटी एक घर पुढे, क्रियापद चुकलं तर दोन घरं मागे. (सोंगट्या हरवल्या होत्या, त्यांच्या जागी माझ्या दुकानातली कोटाची बटणं आहेत. वर्गात माझं तेवढं एक वजन.)

आमच्या टेबलावर चौघं. एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त पोस्टमन, एक सामान पोचवणारी गाडी चालवणाऱ्या बाई आणि मी. कल्पनाशक्ती म्हणाल तर चौघांची मिळून चमचाभर. डॉक्टरांच्या गोष्टीत प्रत्येकाची दाढ दुखते. पोस्टमनकाका राक्षसाचाही पूर्ण पत्ता लिहितात. गाडीवाल्या बाई कुणालाच कुठे थांबू देत नाहीत, माणसं नुसती निघतात आणि पोचतात. मी राजाच्या सदऱ्यावर सात वाक्यं लिहिली, कॉलरसकट, आणि राजा काय करतो ते लिहायचं राहूनच गेलं. दोन आठवडे आमचं बटण पहिल्याच ओळीत घुटमळत होतं.

मग मला ‘जहाजाची कप्तान’ असं कार्ड आलं. मी जन्मात जहाज पाहिलेलं नाही. घाम पुसत बसलो होतो, तेवढ्यात तुम्ही आठवलात. राग मानू नका, पण मी तुम्हाला समुद्रावर नेलं. आमच्या कप्तानबाई रोज सगळ्या खलाशांना मोजतात आणि मगच स्वतः जेवतात. चाचे जहाजावर चढतात तेव्हा आधी पाय धुऊन या म्हणतात, आणि ते धुऊन येतात. एका सात वर्षांच्या शेंबड्या खलाशाला मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवायला शिकवतात. मला काही रचावं लागेना, नुसतं आठवावं लागे, आणि वाक्यं आपोआप बरोबर येऊ लागली. बटण धावत सुटलं. टेबलावरचे सगळे तुमच्यावर इतके खूश झाले, की डॉक्टरांनी तुमची दाढ दुखवायला साफ नकार दिला.

शेवटची तीन घरं उरली होती. वर्गात आम्ही पहिले. संकटाचं कार्ड मी उचललं. त्यावर होतं: तुमचं मुख्य पात्र आजारी आहे आणि ते कुणाला कळू देत नाही.

वहिनी, मी ते कार्ड मांडीखाली सरकवलं. नियम असा, की उचललेलं कार्ड वापरायचंच, पण मला त्याकडे बघवेना. मी दुसरं उचललं (वादळ, अगदी साधं) आणि लिहू लागलो. तास संपल्यावर बाईंनी कार्डं मोजली, एक कमी. सगळ्यांना उभं केलं. पांढऱ्या मिशांचा माणूस उभा राहतो आणि त्याच्या पँटला मागून कार्ड चिकटलेलं असतं, हे दृश्य तुम्ही डोळ्यांसमोर आणा. आमचं बटण थेट सुरुवातीच्या घरात गेलं. गाडीवाल्या बाई माझ्याकडे पाठ फिरवून बसल्या. कारण विचारलं तेव्हा मला खोटं सांगता आलं नाही, सगळं बोलून गेलो, ढकललेल्या तारखांसकट. (दादाचं वचन लिहिण्यापुरतं होतं, बोलण्याबद्दल तो काही म्हणाला नव्हता.) मग पोस्टमनकाकांनी तुमचा पूर्ण पत्ता विचारला.

बाकी सगळं ठीक. धाकटीचा नमस्कार. दादाला काही बोलू नका.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. मंगळवारी सकाळी सात वाजता तुमच्या दारात सामानाची गाडी उभी राहील. घाबरू नका, गाडीवाल्या बाईंनी पुढची सीट झाडून त्यावर उशी टाकली आहे. मागे खोक्यांवर डॉक्टर, पोस्टमनकाका आणि मी असू. त्यांना कप्तानबाईंना एकदा बघायचंय. गाडी दहा मिनिटांहून जास्त थांबत नाही.

ता. क. २. पोस्टमनकाका मांजर आणि पिल्लं सांभाळायला तुमच्या घरी राहतील. ते कारण संपलं.

ता. क. ३. इस्पितळात फोन मीच केला, तोही इंग्रजीत, तुम्हाला न विचारता. तिथल्या बाईंनी विचारलं, पेशंट तुमच्या कोण? वहिनीसाठीचा शब्द मला येतो, वर्गातल्या बाईंनी शिकवलाय, दोनदा लिहूनही घेतलाय. पण तोंडून ‘आई’ असंच गेलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. त्यांनी फॉर्मवर तसंच लिहिलं आहे. सही करताना तिथे खोडाखोड करू नका.