देवमाशांची शिरगणती

रेडमंड, १८ मे

प्रिय रवींद्र,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, आणि वहिनी अजून तुला जिना चढू देत नाहीत ना? (त्यांचंच बरोबर आहे.) आठ जूनला तुझी पंच्याहत्तरी. मानपत्र मीच वाचणार असा शब्द दिला आहे, तो मी विसरलेलो नाही.

हिवाळाभर इथे खिडकीतून पाऊस बघत बसलो होतो. नकुल आणि सूनबाई ऑफिसात, नात इला शाळेत आणि मी रिमोट शोधत. एप्रिलमध्ये नकुलने मला समुद्रावर नेलं. मेक्सिकोहून अलास्काला निघालेले करडे देवमासे तिथल्या लाकडी मनोऱ्यावरून दिसतात. डोना नावाच्या एक निवृत्त बाई वही घेऊन ते मोजत होत्या. वही पाहिली आणि माझे हात शिवशिवले. (तुझ्याबरोबर तीन जनगणना केलेला मास्तर आहे मी.) मी लगेच एक मासा नोंदवला. इला म्हणाली, "आजोबा, दॅट्स अ लॉग." ओंडकाच होता.

मग खरा आला. आधी फवारा, मग पाठ, मग पाच मिनिटं काहीच नाही, आणि नंतर भलतीकडेच फवारा. डोनाबाईंनी दोन लिहिले. मी हरकत घेतली, तोच आहे म्हणून. दारावर गेरूने नंबर टाकायची सोय इथे नाही, तेव्हा त्यांना पाठीवरचे पांढरे डाग टिपायला लावले. (वाडीवर तू एकच म्हातारी दोन घरांत मोजली होतीस, ते उदाहरण नकुलकरवी इंग्रजीत सांगितलं. तुझं नाव आता मनोऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.) बाईंनी एक मासा खोडला, आणि पुढच्या शनिवारी माझ्यासाठी खुर्ची आणि दुर्बीण राखून ठेवली. रवींद्र, किती वर्षांनी कुणीतरी कामासाठी माझी वाट बघत होतं. मला फार आनंद झाला.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मनोहर

ता. क. माझ्या नोंदीत आजवर एकवीस मासे आहेत. डोनाबाईंच्या मते त्यांत अजून दोन ओंडके असावेत.

आणखी एक ता. क. पिल्लांना घेऊन निघालेल्या आया सगळ्यांत शेवटी जातात, पार जूनच्या मध्यापर्यंत. लेकुरवाळ्या वगळून मोजणी बंद करणं तुलाही पटणार नाही. यंदा अधिक महिना आहे, तेव्हा वाढदिवस तारखेऐवजी तिथीने केलास तर दहा दिवस मिळतात. वहिनी तिथीच मानतात, त्या काही म्हणणार नाहीत. विमानाचं तिकीट मी कालच चौदा जूनचं करून घेतलं. पंच्याहत्तरी एकदाच मोजायची असते, माझ्याशिवाय मोजू नकोस.