नाक्याच्या अलीकडे

पिस्कॅटवे, १० मार्च १९८५

प्रिय विनय,

तू सॅन होजेच्या प्रोजेक्टवर गेल्यापासून आपलं सगळं बोलणं फोनवर, आणि लाँग डिस्टन्सवर तू कायम घाईत. म्हणून हे पत्र. इकडे बर्फ वितळतोय, फर्नेस दुरुस्त झाली, घराची काळजी करू नकोस.

मला गेल्या जूनमधल्या त्या फ्रेंच गावाबद्दल लिहायचंय. वर आल्प्स, खाली समुद्र आणि मधे डोंगराला चिकटून बसलेलं ते मध्ययुगातलं दगडी गाव. तिथे घर भाड्याने घ्यायचं आणि तिथून रोज इटलीत डे-ट्रिप करायची, ही चारुदत्तची कल्पना. तुमच्या स्लाइड्स आता मला पाठ झाल्यात. त्यात तू आहेस, चारुदत्त आहे, त्याची बायको प्रतिमा आहे. मी एकीतही नाही, आणि आपल्या मंडळातल्या एकाही माणसाला त्याचं नवल वाटलेलं नाही.

पहिल्या दिवशी हद्दीच्या नाक्यावर तुमचे तिघांचे अमेरिकन पासपोर्ट त्या शिपायाने उघडलेसुद्धा नाहीत. माझा भारतीय पासपोर्ट मात्र तो आत घेऊन गेला. फ्रान्सचा व्हिसा तू काढला होतास, इटलीचा नाही. एका दिवसासाठी कोण विचारतंय, असं तुझं म्हणणं. त्यांनी विचारलं. मला खुळीला वाटलं, आता आपण चौघंही मागे फिरू. तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, "कांचन, तुला नाहीतरी घाटात मळमळतं. तू बसने घरी जा, आम्ही संध्याकाळी येतोच." प्रतिमाने गाडीतूनच विचारलं, की मग रात्री आमटीभात होईल का. प्रेशर कुकर माझ्याच बॅगेतून आला होता ना! दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून द्यायच्या आणि तुम्ही निघायचं, असं न ठरवताच ठरून गेलं.

मी दिवसभर काय करते, हे तू एकदाही विचारलं नाहीस. तेव्हा आता ऐक. मी घरात बसत नव्हते. तुमची गाडी वळणाआड गेली की मी उरलेल्या पुऱ्या पिशवीत टाकून बस पकडायची. फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. ड्रायव्हरपुढे हातावर नाणी धरायची, तो हवी तेवढी उचलायचा. एक दिवस खालच्या बंदरावर गेले, एक दिवस वरच्या एका खेड्यात, जिथे बकऱ्यांशिवाय कुणी दिसलं नाही. एकदा वाट चुकले आणि घाबरून रडले, मग एका बाईने हाताला धरून स्टॉपवर आणून सोडलं. तुम्ही यायच्या आत कुकर लागलेला असायचा. तुम्ही दमून यायचात, जेवायचात, आणि मला इटली समजावून सांगायचात.

प्रत्येक ठिकाणाहून मी आईला पिक्चर पोस्टकार्ड टाकलं. अण्णा गेल्यापासून ती साताऱ्यात एकटी. कार्डं मिळाल्यावर तिने लिहिलं, की तू एकटी एवढी हिंडतेस तर मीही विमानात बसेन, मला ने तुझ्याकडे. मी तुला ते वाचून दाखवलं. आईला कायमचं इथे आणायचं तर मी सिटिझन व्हायला हवं, हे तुलाही ठाऊक होतं. तू स्वतः झालास त्याच वर्षी मीही होऊ शकत होते. तुझ्या भावाचे, त्र्यंबकचे पेपर तू लगेच घातलेस. अण्णा गेल्यापासून मी विषय काढला की तू म्हणायचास, पुण्याच्या फ्लॅटसाठी एकाने तरी भारतीय राहिलेलं बरं, मग पुढच्या वर्षी बघू, मग आई इथल्या थंडीत काय करतील. मी भांडले नाही. तुला त्यातलं जास्त कळतं, असं मी धरून चालले होते. आई जानेवारीत गेली. शेजारच्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. हे मी तुला माफ केलेलं नाही, विनय. करता येईल असंही वाटत नाही.

परवा तुझा फोन आला. चारुदत्तने तेच घर पुन्हा बुक केलंय, तू खुशीत होतास. आणि त्याच दमात म्हणालास, की आता तू सिटिझनशिप घेऊन टाक, अर्ज मी भरतो, म्हणजे पुढेमागे नाक्यावर सगळ्यांचा खोळंबा नको. मी फोन ठेवला. लाइन कटली असं तुला वाटलं असेल. माझ्या आईसाठी जे इतकी वर्षं जमत नव्हतं, ते तुझ्या सहलीसाठी एका फोनवर जमलं. जर्सी सिटीत मी एका खोलीची जागा घेतली आहे, एक तारखेला तिथे जाते. सिटिझन व्हायचं की नाही, ते माझं मी बघेन. जूनमध्ये तुम्ही तिघं जा. मी येणार नाही, आणि तू परत येशील तेव्हा या घरातही नसेन.

आजवर तुझीच म्हणवलेली,
कांचन