हँडलवरचा दुपट्टा

काका, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता जोर लावावा लागतो. मी रिटायर झालो, तरी सबस्टेशनच्या नव्या ऑपरेटरांना शिकवायला बोलावतात. पांढुर्ण्याच्या आसपास शेतात, छतांवर जिकडेतिकडे सोलर झालं. दिवसा वीज भरपूर, अन् ऊन उतरलं की सगळा भार पुन्हा आपल्या जुन्याच तारांवर. मी सांगतो, बाप्पा, स्विच पाडला म्हणजे लाइन मेली असं समजू नका, कोणाच्या छतावरून उलटी वीज यायची. ते माना हलवतात. मग तुमच्या दुपट्ट्याची रीत सांगितली की हसतात. "सर, आता लाइन बंदचं परमिट मोबाइलवर येते." बरोबरच आहे त्यांचं.

सौंसरच्या सबस्टेशनात तेव्हा तुम्ही मुरलेले ऑपरेटर, मी नवा, टेम्पररी. तुमची रीत एकच. खांबावर चढणाऱ्या लाइनमननं खांद्यावरचा दुपट्टा स्वतः त्या लाइनच्या स्विचच्या हँडलला बांधायचा, अन् काम झाल्यावर स्वतःच येऊन सोडायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग साहेब येवो नाहीतर मंत्री. "लाइन दोन घंटे बंद राहिली तं लोक शिव्या देतीन. देऊ दे. शिव्यानं कोनी मरत नाही," तुम्ही म्हणायचे. आपला लाइनमन तिगावचा. रोज तुमच्याच डब्यात जेवायचा.

एका उन्हाळ्यात रामाकोन्याला वीज नेणारा फीडर दोन दिवसांपासून बंद होता. भर दुपार. दुपट्टा हँडलला बांधून तुमचा तो लाइनमन दोस्त खांबाकडे गेलेला, तुम्ही मागे हौदावर पाय धुऊन राहिले. खिडकीशी रामाकोन्याचे संत्रेवाले. "संत्र्याचा आंबिया बहार पान्याबिगर झडून राहिला गा, लाइन चालू कर न! तो तं केव्हाचाच उतरला, झाडाखाली बिडी पिऊन राहिला. म्या डोयानं पाहिलं." मी गाठ सोडली, दुपट्टा टेबलावर ठेवला अन् हँडल वर केलं. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू? तुम्ही ओल्या पायांनी आत आले, टेबलाकडे पाहिलं अन् हँडल खाली ओढलं. "बिडी पिऊन तो परत चढन न, बैला," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं लाइनमन आला. बिडी संपवून पुन्हा खांबावर पाय ठेवला अन् गावातली पिठाची चक्की सुरू झालेली ऐकू आली, म्हणून पाय खाली घेतला, म्हणे. "माहा दुपट्टा कोनं सोडला?"

"म्या," तुम्ही म्हणाले.

त्यानं टेबलावरून आपला दुपट्टा उचलला. मग निघून गेला. पुन्हा तुमच्या डब्यात कधी जेवला नाही, महिन्याभरात बदली मागून घेतली. मी तुमच्यापाशी रडायला आलो तर तुम्ही म्हणाले, "तुही नौकरी कच्ची हाय, माही पक्की. जाय, रीडिंग लिही." मी रीडिंग लिहिलं. तुम्ही गेले तेव्हा तो मातीला आला नाही, तेव्हाही मी त्याला खरं सांगितलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटायला हवं होतं. आत काही हललंच नाही. आताही हलत नाही.

मागच्या हप्त्यात तिगावला एका घरावरचं सोलर पाहायला गेलो. घर त्याच लाइनमनच्या नातवाचं निघालं. तो स्वतः बाजेवर बसलेला, नजर गेलेली, पण आवाजावरून मला ओळखलं. चहा पाजला. मग म्हणाला, "तू होता न रे तवा? त्यानं माहा दुपट्टा काहून सोडला असन? दुसऱ्यानं सोडला असता तं म्या इसरलो असतो."

मी म्हणालो, आठवत नाही.

माझी पेन्शन पक्की आहे, काका. कोणी काही हिसकून घेणार नव्हतं. हा कागद खरं तर त्याला जाऊन वाचून दाखवायला हवा. तिगाव इथून जवळच आहे, पण तिकडे जायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला लिहून राहिलो.