वहीवाली आणि माझा ठणठणीत खांदा

३ तारीख, सोमवार
लॉन्ड्रीत कॉलेजची एक बाई आली. वय पस्तिशीचं, हातात जाड वही. म्हणे आमच्या कामावर प्रबंध लिहायचाय. मग बस आणि लिही. तर नाही. म्हणते, नुसतं बघून कळत नाही, स्वतःच्या अंगाने चादरींच्या घड्या घातल्या तरच कळतं. पगार नको म्हणते. तिथेच संशय आला. मालक या महिन्यात घडीवरची एक बाई कमी करणार आहे. ही त्याचंच माणूस. कोण थकलंय ते हेरायला आलीय.
ठरवलं, हिला काही कळू द्यायचं नाही. कळण्यासारखं काही नाहीच म्हणा. खांदा ठणठणीत आहे.

४, मंगळवार
वहीवालीने विचारलं, मावशी, उजवा हात दुखतो का. म्हटलं, तुझं काय दुखतंय ते लिही. तिने लिहिलंसुद्धा. पाठ, मनगटं, टाचा. दुखण्यावर डिग्री मिळत असती तर मी एव्हाना प्रिन्सिपॉल झाले असते.

६, गुरुवार
माझी धाकटी जाऊ बारा वर्षं माझ्यासमोर चादर धरते, पण गेली दोन वर्षं तिला एका जागी उभं राहणं जमत नाही. मी चादर उचलली की दोन पावलं पुढे घुसते नि मधूनच कापड वर घेते. भारी घाई. आज वहीवालीने तिला विचारलं, पुढे का जाता. जाऊने माझ्याकडे बघितलं नि पुढची चादर ओढली. दोघी मिळून काहीतरी शिजवतायत.

७, शुक्रवार
युक्ती केली. जाऊला इस्त्रीवर पाठवलं, वहीवालीला समोर घेतलं. हेर डोळ्यांसमोर बरा. शिवाय ही सांगितल्या जागेवरून हलत नाही.
दुपारपर्यंत अकरा चादरी जमिनीला लागल्या. सगळ्या परत धुवायच्या. मालक तडकला. मी म्हटलं, ही नवी आहे, हात वर नेत नाही. वहीवाली म्हणते, मावशी, तुमचा हात जिथे थांबतो तिथेच मी थांबवते. अंगाने समजून घ्यायचं म्हणून.
मालकाने मला हात वर करायला लावला. केला. डावा. तो म्हणाला, दुसरा.

८, शनिवार
जाऊ मालकाला म्हणाली, ताईंचा हात पुरत नाही तिथे माझा असतो. दोन वर्षांत आमची एक तरी चादर खाली लागली का. काढायचं तर दोघींना काढा. मालक पुटपुटत गेला. दोघी राहिलो.
म्हणजे हिला दोन वर्षं ठाऊक होतं. बोलायला काय झालं होतं.

१०, सोमवार
वहीवालीची वही बघितली. जाऊच्या दोन पावलांवर चोवीस पानं. माझ्या खांद्यावर तीन ओळी. कळा मी काढायच्या आणि प्रबंध जाऊवर. जेवणाच्या सुट्टीत तिला समोर बसवलं. म्हटलं, घे लिहून. या कुशीवर झोपता येत नाही. वेणी लेक घालते. वरच्या फळीवरचा डबा काढून महिने झाले.
वहीवाली म्हणाली, जरा हळू सांगा, मावशी.