फळ्यावरचे नाव

लालबाग
शनिवार, दि. २९ नोव्हेंबर २०२५
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

प्रिय हितेंद्र,

सप्रेम नमस्कार. आत्ताच चाळीचा फळा लिहून झाला. हात धुतले आणि फळ्यासमोरच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर बसून हे लिहायला घेतले. फोनवर तू मला ब्लॉक केले आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. तुझी बहीण मेघना दुपारी शिवडीला आत्याकडे तुला भेटायला येणार आहे, तिच्या हाती पत्र देतो. ती आधी घेत नव्हती. "आता अजून काय लिहायचं राहिलंय तुझं?" म्हणाली.

इकडची खुशाली. नळ हल्ली पावणेपाचलाच येतो. झेरॉक्सच्या दुकानात माझे ठीक चालले आहे. भात एकट्यापुरता लावतो तरी उरतो. कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला आहे. परवा सोंगट्या काढल्या, एकोणीस मोजल्या आणि परत डब्यात भरल्या.

उद्या दहा वाजता विकासकाच्या करारावर सगळ्यांच्या सह्या आहेत. मंडप घातला आहे. पेपरात आपल्या कमिटीवाल्या निलेशदादाचा फोटो आला, खाली 'रहिवाशांमध्ये आनंदाचे वातावरण'. तो मजकूर छापून येण्याच्या दोन दिवस आधी माझ्याच दुकानात झेरॉक्सला आला होता. चाळीच्या ग्रुपवर आता फक्त तोच लिहू शकतो. बाकीच्यांनी खाली अंगठे उमटवायचे.

हे सगळे लिहिले, कारण पुढचे लिहायला हात पुढे जात नाही.

आठ तारखेला तू तुमच्या, म्हणजे विकासकाच्याच, ऑफिसातून कराराच्या चौदाव्या पानाचा फोटो आणलास. चोवीस महिन्यांनंतर, इमारत उभी नसली तरी, आपल्याला बाहेर राहण्यासाठी मिळणारे भाडे बंद. तू म्हणालास, "मयऱ्या, हे लोकांना कळलं पाहिजे यार." मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले आणि खाली घातले: 'माहिती – हितेंद्र तावडे, खोली ३१'. दुपारी दोनला तुझी नोकरी गेली.

तू विचारलेस तेव्हा मी नियम सांगितला. कुशाबाकाकांनी गावी जाताना फळा माझ्या हाती दिला, तेव्हा बजावले होते, की निनावी बातमी लिहायची नाही, आणणाऱ्याचे नाव खाली पाहिजे. ते खरे आहे, पण अर्धेच. गिरणीच्या संपात, कुणाच्या पोटावर पाय येणार असेल तर, काका नुसते 'एक कामगार' लिहीत. तेही त्यांनीच मला सांगितले होते. खडू हातात असताना मला ते आठवत होते, हितू. पण नाव नसते तर सगळे मलाच विचारायला आले असते. मला एकट्याला उभे राहायचे नव्हते, म्हणून तुला शेजारी उभे केले.

बारा तारखेच्या मजकुराचा फोटो तुला कुणी तरी पाठवला असेलच. 'हितेंद्र तावडे यांनी दिलेली माहिती खोटी व द्वेषापोटी होती.' अक्षर तू ओळखले असशील. शब्द निलेशदादाचे. त्याने आधी मला चहा पाजला. मग म्हणाला, "मयूर, तुझी खोली अजून आजोबांच्याच नावावर ना रे? पात्रतेची यादी माझ्या हातून जाते. बघ बाबा, मी काय जबरदस्ती करत नाही." त्याने जबरदस्ती केली नाही. ओळी तिरक्या होऊ नयेत म्हणून मी फळ्यावर दोरा धरला होता. तुझ्या नावातला एकही काना चुकला नाही. तुझी आई त्यानंतर चार दिवस पाण्याला खाली आली नाही. मेघनाच हंडे न्यायची. तेव्हाही मी दार उघडले नाही.

आज लिहिले ते असे: '१२ तारखेचा मजकूर खोटा आहे. तो मी भीतीने लिहिला. त्याआधीची बातमी खरी होती. उद्या सही करण्याआधी पान चौदा मागून घ्या आणि स्वतः वाचा. – मयूर परब, खोली २२.'

फळ्यावर एवढे लिहीपर्यंत मालनमावशी दुधाची पिशवी घेऊन आल्या. बोट फिरवत दोनदा वाचले.

"ह्यां खरां?"

"खरं, मावशी."

"मगे त्या झिलाचां नाव खंय? खोटो ठरवलंस तेव्हा बरां घातलंस ता!"

"त्याला विचारल्याशिवाय नाही घालणार."

"मेल्या, पयल्या दोन येळाक इचारलंस?"

मावशी जिना चढता चढता थांबल्या आणि म्हणाल्या, "मगे आता तरी इचार."

म्हणून विचारतो. खोटा म्हणताना तुझे नाव लिहिले, तर खरा म्हणतानाही ते लिहावे असे मला वाटते. पण तुला पुन्हा कुठे काम शोधायचे असेल आणि नाव नको असेल, तर तसेच राहू देईन. मेघनाजवळ 'हो' किंवा 'नाही' एवढाच निरोप दे. माझ्याशी बोलायची गरज नाही. उद्या दहापर्यंत कळले तरी चालेल. काहीच कळवले नाहीस, तर ते 'नाही' समजेन.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. निलेशदादाच्या चपला आहेत. पत्र खिशात ठेवतो. इथून उठत नाही.

'तुझा' लिहिण्याचा हक्क आता राहिलेला नाही, म्हणून नुसताच,

मयूर