सगळ्यात घाणेरडं बाळ

कांपुंग सेराया,
मंगळवार

थोरल्या योंगला धाकट्या उचूचा सलाम.

योंग, कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? आपल्या सात भावंडांत तूच सगळ्यात समजूतदार, सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात रुबाबदार, असं मी नेहमीच म्हणत आलो. (तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही, कारण तू मला बोलूच देत नाहीस.) माझ्या मुलाच्या लग्नात तू रेंदांगच्या मटणाला उकडलेली चप्पल म्हणून उठून गेलीस, त्याला तीन वर्षं झाली. मी ते केव्हाच विसरलो. रेंदांग माझ्या बायकोनं केलं होतं; मैमून विसरलेली नाही.

इकडे सगळं ठीक आहे, फक्त मला गावात तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. झालं असं, की महिला मंडळानं गुटगुटीत बाळांची स्पर्धा ठरवली आणि परीक्षक म्हणून मला धरलं. छत्तीस वर्षं मी या गावाला आपली मलय भाषा शिकवली. कोण सगळ्यात काय आहे हे सांगायच्या तिन्ही रीती मीच यांच्या डोक्यात कोंबल्या: शब्दाच्या आधी ‘पालिंग’ ठेवा, नाहीतर शब्दाला ‘तेर’ चिकटवा, नाहीतर मागे ‘सेकाली’ जोडा. तेव्हा मंडळाला वाटलं, निवड करायला मास्तरच बरा. कोणाच्या डोक्यात आलं नाही (माझ्या तर नाहीच), की आपल्यात बाळाचं तोंडावर कौतुक करायचं नसतं. गोड म्हटलं की दृष्ट लागते, म्हणून आपण लाडानं घाणेरडं म्हणतो.

आदल्या दिवशी सकाळपासून आया माझ्या दारात. अकरा बाळं, अकराही जणी माझ्याच विद्यार्थिनी, अजून ‘चेगू’ म्हणजे मास्तर अशीच हाक मारणाऱ्या. नासी लमाक विकणारी रोहानी भाताच्या दोन पुड्या ठेवून म्हणाली, “चेगू, माझी कार्टी म्हणजे पालिंग बुसुक! हिच्याइतकी घाणेरडी अख्ख्या गावात नाही. तुम्ही आपलं बघूच नका तिच्याकडे.” आणि कार्टी माझ्या मांडीवर दिली. मागोमाग झैतून केळ्याची भजी घेऊन हजर. तिचा मुलगा तेरहोडोह, म्हणजे याहून कुरूप पोर अल्लानं घडवलंच नाही. शाळेत या झैतूनला एक उदाहरण धड आलं नव्हतं, योंग! मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले आणि भजी संपवली.

दुसऱ्या दिवशी मंचावर चढलो आणि तेव्हा कुठं डोक्यात आलं. एखाद्याला सगळ्यात गोड म्हणावं आणि संध्याकाळी त्याला ताप आला, तर ती आई मला सोडेल? शेवटी शक्कल लढवली आणि जाहीर केलं, सगळ्यात घाणेरडं बाळ रोहानीचं! टाळ्या पडल्या. तोच झैतून उठली. “म्हणजे माझा काय सुंदर आहे? भर सभेत दृष्ट लावता होय, चेगू?” मग सगळ्याच उठल्या. मी झैतूनच्या पोराला सगळ्यात कुरूप केलं, पुढच्याला सगळ्यात रडकं, मग सगळ्यात टकलं, सगळ्यात शेंबडं. तिन्ही रीती वापरून दहा बाळांची वासलात लावली. अकरावी राहिली आउफा, माझी नात. (परीक्षकाची नात स्पर्धेत कशी, हे मला विचारू नकोस. मैमूनला विचार.) ती माझ्याकडे बघून हसली. दोनच दात. माझे शब्द संपले होते आणि तोंडातून खरं तेच निघून गेलं: सगळ्यात गोड.

बक्षीस शेवटी घरातच, म्हणत रोहानी उठून गेली. संध्याकाळी आउफा शिंकली, एकदाच. तेव्हापासून सून पोर माझ्या हातात देत नाही, मैमून माझ्याशी बोलत नाही, आणि रोहानी माझ्या भातावरचं मिरचीचं सांबल काढून घेते. सांबलाचं मी सोसेन. पण सख्ख्या नातीला मी दारातून बघतो, आणि ती हात पुढे करते. हे मात्र लागतं, योंग, फार लागतं.

तुझा,
उचू

ता.क. मैमूनचं म्हणणं, घरातल्या थोरल्या माणसानं पोरीला तोंडावर नावं ठेवली तर दृष्ट उतरेल. इथं कोणाच्या जिभेला तेवढी धार नाही. नाव तुझंच निघालं, आणि ते काढलं मैमूननं. शुक्रवारच्या बसनं ये. ती रेंदांग करणार आहे; तू पोरीला आणि रेंदांगला एकदमच नावं ठेवून टाक.

ता.क. दुसरा. शिंक सांबलाच्या फोडणीची होती, हे मला ठाऊक आहे. मैमूनलाही ठाऊक असावं. आउफा हसली की उजव्या गालाला खळी पडते, थेट तुझ्यासारखी. तू तिला अजून पाहिलेलंच नाहीस. पाहिल्यावर तुझ्याच्यानंही नावं ठेवणं होणार नाही, एवढीच मला धास्ती आहे.