काकाची सव्वा मूठ

माय, तू असतीस तर हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं, आणि तू मधेच "जेवनी का?" विचारून माझा धागा तोडला असतास. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला आधी धुळ्याचं स्वयंपाकघर आठवावं लागतं. चुलीमागची काळी भिंत, दाराशी टेकवलेली परात, खाली पाय पसरून सूप पाखडत बसलेली तू. एवढं दिसलं की मग तू बोलतेस. आज मला बोलायचंय ते तुझ्या दिराबद्दल, माझ्या धाकट्या काकाबद्दल, आणि एका परक्या पोरीबद्दल.

यांच्या कंपनीने आम्हाला लेकासकट जर्मनीत पाठवलं. मला जळगावात पिंप्राळ्याला दिली तेव्हा "इतली दूर" म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस, त्यामुळे हे तुझ्या पश्चात घडलं ते बरंच झालं. इथे घरात बसून बसून मी भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा शेजारणीने मला एका वसतिगृहात नेलं. आईबापाविना, एकेकटी या देशात पोचलेली पोरं तिथे राहतात. सरकार त्यांना जेवू घालतं, शाळेत धाडतं. आमच्यासारख्या बायका शनिवारी जातात, त्यांच्याबरोबर स्वयंपाक करतात, चार शब्द बोलतात. पगार नाही, हौसेचं काम. तिथल्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पोरांना मागचं काही विचारायचं नाही आणि पुढचं काही कबूल करायचं नाही. मी मान डोलावली. आपल्याकडच्या बाईला विचारायचं नाही म्हणजे काय शिक्षा आहे ते तुला सांगायला नको. धुळ्याहून एसटीत बसलं की शेजारणीचं माहेर, सासर आणि जावयाचा पगार पारोळा यायच्या आत कळलेला असतो.

ती पोरगी अफगाणिस्तानातली, सतरा वर्षांची. कणीक मळून झाली की तुझ्यासारखीच परातीच्या कडेवर मूठ आपटून हात झाडायची. मला ती खाला म्हणायला लागली. आपल्या गल्लीतल्या मोमिनांच्या पोरी तुला खाला म्हणायच्या, त्यामुळे मला एकदम घरचं वाटलं. मी तिला शेवभाजी शिकवली. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी बया मागून मागून खायची.

जेवायला बसताना ती नेहमी एक ताट जास्तीचं मांडायची. ते पूर्ण वाढायची, स्वतःशेजारी ठेवायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. दुसऱ्या एका मुलीकडून मला कळलं की ते तिच्या धाकट्या भावाचं ताट. दोघं मिळून निघाली होती, पण सरहद्दीवरच्या पळापळीत त्याचा हात सुटला. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. ऐकून मी मनात ठरवूनच टाकलं की पोरगा गेला. वाढलेलं आणि न जेवलेलं ताट आपल्याकडे दुसऱ्या कुणाचं असतं, तूच सांग.

दिवस आखाजीचे होते, कॅलेंडरातल्या अक्षय्य तृतीयेचे. त्या शनिवारी सकाळी मी घरी पितरांची घागर भरली होती, तुझ्या नावाने घास ठेवला होता. डोक्यात तेच. तिने ताट वाढलं तशी मी पुढे झाले, बोटांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, आणि त्यातला एक घास उचलून खिडकीबाहेर कावळ्यासाठी ठेवला. मला वाटलं, मी तिचं दुःख वाटून घेतेय. तिने विचारलं, हे काय? आमच्या दोघींची जर्मन सारखीच मोडकी. मी सांगितलं, आमच्याकडे गेलेल्यांना असं जेवू घालतात.

ती ओरडली नाही. खिडकीतला घास तिने उचलला आणि परत ताटात ठेवला. "तो मेलेला नाही, बाई," ती म्हणाली. खालाची मी बाई झाले. ताट उचलून ती तिच्या खोलीत निघून गेली, आणि मी हात पुसत तिथेच उभी राहिले.

तेव्हा मला तुझी चापट आठवली. मी शाळेत होते, आखाजीच होती, आणि मी शहाणपणाने विचारलं होतं की काकासाठीपण घास ठेवायचा का. तुझा पिठाचा हात माझ्या गालावर उमटला. "जित्ता मानूसले मरेल म्हनू नको," एवढंच तू म्हणालीस आणि पुरण वाटायला बसलीस. त्या दिवशी मला फक्त गाल दुखल्याचं कळलं होतं.

काका तुझा दीर कमी आणि पोर जास्त. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तो नुकता चालायला लागला होता, तुझ्याच कडेवर वाढला. मोठा झाल्यावर आबांशी, स्वतःच्या बापाशी, भांडून सुरतेला गेला, कापडाच्या मागावर कामाला लागला. आधी कार्डं यायची. तुला वाचता येत नव्हतं म्हणून ती मीच वाचून दाखवायचे, आणि तू दर वेळी म्हणायचीस, आता परत वाच, सावकाश. मग कार्डं थांबली. ज्या खोलीत तो राहायचा तिथे बाबा जाऊन आले, तर तिथे दुसरीच माणसं.

श्रावणातल्या रविवारी घरात कानबाई देवी बसायची. तिच्या नैवेद्याच्या रोटाच्या गव्हासाठी आबा घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचे आणि तू नावागणिक सव्वा मूठ सुपात टाकायचीस. जो घरी आहे त्याची, आणि जो पोटासाठी लांब गेलाय त्याचीही. काकाचं नाव आलं की तुझी मूठ जरा मोठी व्हायची, ते मी बघितलेलं आहे. आणि एका वर्षी आबा त्याच्या नावाशी थांबले. म्हणाले, "इतला वरीस व्हयनात. चिठ्ठी नही, सांगावा नही. आते तेनी मूठ कसाले?" आबांपुढे तुझा पदर कधी डोक्यावरून ढळला नाही, की शब्द वर गेला नाही. त्या दिवशीही पदर होता तिथेच होता. खाली मान घालून तू म्हणालीस, "मूठ बंद करी टाकी त तो येई कोठे, आबा?" आबांनी सूप तुझ्याकडे सरकवलं. मग त्यांनी काकाचं नाव घेतलं.

इकडे ती पोरगी पुढचे शनिवार स्वयंपाकघरात आलीच नाही. जिन्यात भेटली तर मान हलवायची, रस्त्यावरच्या बाईला हलवावी तशी. उन्हाळा असाच गेला. अठरावं लागलं की तिला दुसऱ्या शहरात मोठ्यांच्या जागेत हलवणार होते, आणि माझी झोप उडाली होती. तिच्या भावाला मी माझ्या हाताने मारून ठेवला होता, आणि ती हे मनात घेऊन जाणार होती. मग श्रावण आला. कानबाईच्या आधी मी पिंप्राळ्याला जावेला फोन केला, यांची आणि लेकाची मूठ विसरू नको म्हणून. ती हसली, म्हणाली, मूठ काय विसरायची गोष्ट आहे का वहिनी. फोन ठेवला आणि मी उठून पिशवीत गहू भरले.

तिच्या खोलीचं दार मी पहिल्यांदाच वाजवलं. माफी मागायला लागणारे शब्द मला त्या भाषेत धड येत नाहीत, म्हणून मी जमिनीवर बसले आणि गहू ताटात ओतले. एक मूठ आणि वर थोडे. म्हटलं, हे माझ्या नवऱ्याचे. हे लेकाचे. हे जित्या माणसांचे असतात, जे लांब आहेत त्यांचेसुद्धा. मेलेल्यांचं ते वेगळं, ते मी चुकले. मग मी तिला काकाचं सांगितलं, आबांचं सांगितलं, तू काय म्हणालीस ते सांगितलं. ती पलंगावरून उतरून माझ्यासमोर बसली. गव्हात बोटं फिरवायला लागली. मग तिने विचारलं, "आणि तो आला?"

माय, तू गेलीस त्याच्या पुढच्याच श्रावणात माझ्या भावांनी काकाची मूठ बंद केली. मी त्या दिवशी तिथे होते. पण दिलेल्या लेकीला माहेरचा रोट खायलासुद्धा चालत नाही, ती मूठ कुठून मागणार. मी पाहुण्यासारखी बसून राहिले. हे सगळं मला माहीत होतं, मुख्य बाईंचं बजावणंही आठवत होतं, आणि पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आला," मी म्हणाले.

तिने विचारलं, तुझ्या आईने त्याला ओळखलं का. मी म्हटलं, दारातच. काय बोलली? मी म्हटलं, जेवलास का विचारलं. तेव्हा ती हसली, डोळे पुसले, आणि भावाच्या नावाने तिने गव्हात हात घातला. त्या मुठीत मावतील त्याहून जास्त गहू तिने उचलले, अर्धे माझ्या मांडीवर सांडले.

आता ती दुसऱ्या शहरात आहे. शनिवारी फोन करते, खाला म्हणते. भावाचा अजून पत्ता नाही.

हे पत्र मी कुठे धाडणार, आणि धाडलं तरी तुला वाचून कोण दाखवणार. पण एक तुझ्या कानावर घालायचं होतं. कानबाईच्या रविवारी तिकडे जाऊ काढतेच, तरी आता मीही इथे यांची मूठ काढते, लेकाची काढते, आणि मग हे दोघं बाहेर गेले की काकाचीपण काढते. सासरच्या गव्हात माहेरचा माणूस. जावेला कळलं तर फोनवर बोलायची नाही. पण काय करू, त्या पोरीला मी काका आला म्हणून सांगून बसलेय.